आल्बर्ट हॉलमधलं कॉफी हाउस
(साक्षरता वर्गात दिलेलं भाषण)

मागच्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर एका आजींनी मला विचारलं, "गुरुजी, तुम्ही कलकत्त्याला जाऊन आलात म्हणे. तिथं काय पाहिलंत?" मी म्हटलं, "आजी, एक हॉटेल पाहिलं." त्यावर सगळे हसले. इतक्या लांब, दोन रात्री गाडीत काढून हा माणूस गेला, आणि काय पाहिलं तर हॉटेल!

आज त्या हॉटेलाचीच हकिगत सांगणार आहे. ते साधंसुधं हॉटेल नाही. त्याची इमारत जुनी आहे, आणि हॉटेलाचे मालक कोण, हे ऐकलंत तर तुम्हीही हसायचे थांबाल. पण ते ओघानं येईल.

आधी कॉफीचं थोडं सांगतो. आपल्याकडे रोज होतो तो चहा. कॉफी होते ती रात्री भजन असलं म्हणजे, किंवा कुणाच्या घरी नवीन पाहुणे आले म्हणजे. तीही भरपूर दुधाची, साखरेची, वर जायफळ उगाळलेली. कॉफीचं झाड मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलं असेल. ते कर्नाटकात कोडगू आणि चिकमगळूरच्या डोंगरांत होतं. केरळातल्या वायनाडात, तामिळनाडूतल्या निलगिरीतही होतं. मोठ्या झाडांच्या सावलीत ही लहान झाडं लावतात. उन्हाळ्यात वळवाची एक सर आली की सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. मग फळं धरतात. ती पिकून लाल झाली की हातानं खुडायची, वाळवायची, टरफल काढायचं. आत बी असतं. ती बी भाजून दळली की कॉफीची पूड झाली.

हे झाड मूळचं आपलं नव्हे. जुनी माणसं सांगतात, बाबा बुदन नावाचे एक फकीर मक्केच्या यात्रेला गेले होते. अरबस्तानातून कॉफीचं कच्चं बी बाहेर नेऊ देत नसत. बाबांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. साडेतीनशे-चारशे वर्षांमागची ही गोष्ट.

आता कलकत्त्याला चला. या शहराचं नाव २००१ साली सरकारनं कोलकाता असं केलं. तिथले लोक आपल्या बोलीत पूर्वीपासून कोलकाताच म्हणत आले. मी जुन्या सवयीनं कलकत्ता म्हणेन, तेवढं चालवून घ्या.

तिथं कॉलेज स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. नाव अगदी योग्य आहे. एका अंगाला प्रेसिडेन्सी, जे २०१० पर्यंत कॉलेज होतं, लगत कलकत्ता विद्यापीठ, जवळच संस्कृत कॉलेज. विद्यापीठ १८५७ सालचं. म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वयाचं, एकाच वर्षी दोन्ही निघाली. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. आपल्या बाजारात कांद्याच्या पाट्या मांडतात ना, तशी पुस्तकं मांडलेली. नवी, जुनी, फाटकी. एक हमाल डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन ओरडत चालला होता, लोक वाट देत होते. शिक्षकाचा जन्म घेतलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

त्याच ठिकाणी एका आडव्या रस्त्यावर एक जुनी इमारत आहे. तिचं नाव आल्बर्ट हॉल. १८७६ साली केशवचंद्र सेन यांच्या पुढाकारानं हा हॉल झाला. केशवचंद्र हे ब्राह्मो समाजाचे मोठे पुढारी होते. इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हा राजघराण्यातल्या आल्बर्ट यांचं नाव त्याला दिलं. नाव इंग्रज राजघराण्याचं, पण त्या हॉलमध्ये काय झालं ते ऐका.

त्याच वर्षी, २६ जुलै १८७६ रोजी, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, आनंदमोहन बोस वगैरे मंडळींनी तिथं सभा भरवली. इंडियन असोसिएशन नावाची संस्था काढायची होती. सामान्य माणसांचं गाऱ्हाणं सरकारपुढे मांडणारी संस्था. सुरेंद्रनाथ आधी इंग्रज सरकारच्या मोठ्या नोकरीत होते. १८७४ साली त्यांना नोकरीवरून काढलं होतं. आता या सभेची त्यांनी मोठी तयारी केली होती. आणि त्याच दिवशी सकाळी त्यांचा मुलगा वारला.

घरात तसं दुःख असताना सुरेंद्रनाथ संध्याकाळी सभेला आले आणि बोलले. पुढे त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात हे स्वतः लिहून ठेवलं आहे. मंडळी, हे योग्य की अयोग्य ते मला ठरवता येत नाही. माझ्या हातून झालं नसतं. पण त्या हॉलच्या जिन्यावर पाय ठेवताना मला ही गोष्ट आठवत होती, आणि जिना चढताना मी कठड्याला धरूनच चढलो.

पुढे १८८३ च्या डिसेंबरात त्याच आल्बर्ट हॉलमध्ये देशभरातल्या लोकांची राष्ट्रीय परिषद भरली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८५ साली, काँग्रेस निघाली. ती पहिली सभा पुण्याला भरायची होती, पण पुण्यात पटकीची साथ आली म्हणून मुंबईला भरली. त्या सभेचे अध्यक्ष कलकत्त्याचेच, व्योमेशचंद्र बॅनर्जी. कलकत्ता, पुणे, मुंबई अशी ही वाट एकमेकींना मिळालेली आहे.

बरं, सभेच्या हॉलात कॉफी कशी आली? त्याचं मूळ मळेवाल्यांच्या अडचणीत आहे. १९३० च्या सुमारास सगळ्या जगात मंदी आली. मालाला भाव नाही, गिऱ्हाईक नाही. आपली कॉफी बरीचशी परदेशी जायची, ती पडून राहू लागली. शेतकऱ्याला हे सांगायला नको. कांदा सडतो, टोमॅटो रस्त्यावर टाकावा लागतो, तेव्हा काय वाटतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग १९३५ साली कॉफी सेस कमिटी नेमली. विचार असा की, परदेशी घेत नाहीत ना, मग आपल्याच लोकांना कॉफीची गोडी लावू. त्यासाठी शहरात कॉफीची दुकानं काढायची. त्यातलं पहिलं निघालं १९३६ साली, आपल्या मुंबईत, चर्चगेटला. पुढे लढाईच्या काळात, १९४२ च्या कायद्यानं, कॉफी बोर्ड झालं. मळेवाल्यांनी आपली कॉफी बोर्डाकडे जमा करायची, ती बोर्डानं विकायची. दुकानंही बोर्डाकडे आली आणि वाढली. देशभर सुमारे ५० झाली. त्यांना इंडिया कॉफी हाउस म्हणत.

त्यातलंच एक १९४२ साली आल्बर्ट हॉलमध्ये निघालं. हॉल मोठा, छत उंच, आणि वर चारी बाजूंनी सज्जा. पूर्वी सभा व्हायची तिथं आता टेबलं मांडली. समोर कॉलेजं, खाली पुस्तकांची दुकानं. मग गर्दीला काय तोटा? विद्यार्थी आले, प्राध्यापक आले, कवी आले, ज्यांची कविता कुणी छापत नव्हतं तेही आले. बंगाली माणसाला 'अड्डा' फार प्यारा. आपल्याकडे अड्डा म्हटला की दारूचा नाहीतर जुगाराचा मनात येतो. त्यांच्याकडे अड्डा म्हणजे पारावरच्या गप्पा. आपण पारावर बसतो, ते कॉफी हाउसात बसतात, एवढाच फरक.

आता त्या गप्पा म्हणजे वेळ घालवणं की काय? माझे एक सोबती म्हणाले, "एक कप घेऊन तीन तास बसायचं, हा काय धंदा झाला?" मलाही आधी तसंच वाटलं. पण एक गोष्ट सांगतो. १९५१ ते १९५३ या काळात प्रेसिडेन्सी कॉलेजात अमर्त्य सेन नावाचे विद्यार्थी होते. ते रोज रस्ता ओलांडून इथं येऊन बसत. त्यांचे एक वर्गमित्र होते, सुखमय चक्रवर्ती. त्या सुखमयांनी त्यांना केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन पंडिताच्या नव्या पुस्तकाबद्दल सांगितलं. पुस्तकातला प्रश्न असा होता : प्रत्येक माणसाची आवड वेगळी, तर सगळ्यांची मतं घेऊन सगळ्या समाजाची मिळून एक आवड ठरवता येते का? नीट ठरवता येते का? प्रश्न सोपा वाटतो. गावच्या ग्रामसभेत एक तळं कुठं खणायचं ते ठरवून पाहा, म्हणजे किती अवघड आहे ते कळेल. हे दोघे पोरगे इथं बसून त्याच्यावर बोलत. पुढे सेन यांनी त्याच प्रश्नावर मोठं काम केलं, आणि १९९८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. कॉफी प्यायलेल्या सगळ्यांनाच मिळत नाही म्हणा. पण बसायला जागा होती, ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं, हे खरं.

आता मी ज्यासाठी हे सगळं सांगतोय, तिकडे येतो.

स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं होत आली होती. कॉफी बोर्डानं ठरवलं की दुकानं चालवणं हे आपलं काम नाही, ती बंद करायची. कागदावर हा एका ओळीचा हुकूम. पण दुकानात माणसं होती. कॉफी करणारे, ताटल्या धुणारे, पांढरे कपडे आणि तुऱ्याचा फेटा घालून टेबलाटेबलाशी उभे राहणारे. पंधरा-वीस वर्षं हेच काम केलेलं, दुसरं काही शिकलेलं नाही. घरी बायकापोरं. त्यांनी जायचं कुठं?

तेव्हा केरळचे कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गोपालन लोकसभेचे सभासद होते. मला त्यांच्याबद्दल एक जास्तीचं प्रेम आहे, कारण ते आधी शाळामास्तर होते. नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. त्यांचा पक्ष कोणता, तो आपल्याला पटतो की नाही, ते बाजूला ठेवा. त्यांनी कामगारांना जे सांगितलं ते साधं होतं. नोकरी मागत बसू नका. दुकानंच मागा. तुम्ही मिळून सहकारी सोसायटी काढा आणि तुम्हीच ती चालवा.

विचार करा, मंडळी. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या टेबलावर कप ठेवला, त्याला कुणी सांगतंय की हे टेबल तुझं आहे. किती जणांना भीती वाटली असेल! भांडवल कुठून आणायचं? हिशेब कोण ठेवणार? तोटा झाला तर? आपल्या गावात दूध सोसायटी काढायची म्हटली तेव्हा हेच तीन प्रश्न तीन बैठका पुरले होते, आठवतं ना?

तरी ते उभे राहिले. बंगळूरला १९ ऑगस्ट १९५७ रोजी कामगारांची सोसायटी सुरू झाली. त्याच वर्षी २७ डिसेंबरला दिल्लीत झाली. पुढच्या वर्षी, ८ मार्च १९५८ रोजी, केरळात त्रिचूरला दुकान उघडलं, ते स्वतः गोपालन यांनी. नावात एकाच अक्षराची भर पडली. आधी होतं 'इंडिया कॉफी हाउस', ते झालं 'इंडियन कॉफी हाउस'. इंग्रजीत एक अक्षर वाढलं, आणि नोकराचा मालक झाला.

कलकत्त्याचं काय झालं? १९५८ साली आल्बर्ट हॉलमधलं कॉफी हाउसही बंद झालं. दाराला कुलूप. पण तिथं गिऱ्हाइकं निराळी होती. प्रेसिडेन्सी कॉलेजचे आणि विद्यापीठाचे प्राध्यापक गप्प बसले नाहीत. त्यांनी सरकारकडे अर्ज केला की ही जागा वाचवा. एका हॉटेलासाठी प्राध्यापकांनी अर्ज केल्याचं मी तरी दुसरीकडे ऐकलं नाही. त्याच वर्षी दार पुन्हा उघडलं, आणि कारभार कामगारांच्या सोसायटीकडे आला.

सोसायटी म्हणजे काय, हे इथं थोडं सांगायला पाहिजे. आपल्याकडे प्रवरानगरचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी उभा केला, तो सहकारी. तिथं ऊस पिकवणारा शेतकरी मालक. या कॉफी हाउसात काम करणारा कामगार मालक. शेअर घ्यायचा, सभासद व्हायचं. आणि कुणाचे शेअर किती का असेनात, मत प्रत्येकाला एकच. फेटा बांधून कप देणाऱ्यालाही एक, गल्ल्यावर बसणाऱ्यालाही एक. कारभारी निवडायचे ते या मतांनी. हिशेब मांडायचा तो सर्वांच्या सभेत.

हे सगळं छान चाललं असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. बऱ्याच गावांतली अशी कॉफी हाउसं पुढे बंद पडली. शहरातली जागा महागते, भाडं वाढतं, जुनी इमारत गळते, दुरुस्ती कुणी करायची यावर वाद होतो. कप स्वस्त ठेवला तर पैसा उरत नाही, महाग केला तर विद्यार्थी येत नाहीत. आणि एकदा मालक झालं की शेजारच्या मालकानं आज उशिरा का यायचं, यावर भांडण होतंच. सोसायटीत माणसंच असतात.

माझ्या वडिलांच्या वेळची एक गोष्ट आहे. एका सोसायटीचा मी नाव घेत नाही. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सेक्रेटरीनं कागद पुढे केला, वडिलांनी अंगठा उठवला. कर्जाचा कागद होता, आणि कर्ज दुसऱ्याचं. वडील जामीन झाले ते त्यांना दोन वर्षांनी कळलं, ते बैल सोडून न्यायला माणसं आली तेव्हा. मी तेव्हा सातवीत होतो. त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही. सोसायटी वाईट असते असं मी त्यावरून म्हणत नाही, पण कागद वाचल्याशिवाय मी आजवर सही केलेली नाही. आणि माझी मॅट्रिकपर्यंतची शाळा झाली त्याला तो दिवसही एक कारण आहे.

असो. कॉफी हाउसात परत येऊ.

मी निवृत्त झाल्यावर एका सहलीबरोबर कलकत्त्याला गेलो. बाकीची मंडळी कालीमातेच्या दर्शनाला गेली. मी दर्शन सकाळीच उरकलं आणि दुपारी एकटाच कॉलेज स्ट्रीटला गेलो. जिना जुना, भिंतीवर जाहिराती चिकटवलेल्या. वर गेलो तर आधी आवाज आला. आपल्याकडे लग्नात पंगत बसली की जसा येतो तसा. मग हॉल दिसला. वरून लोंबणारे पंखे, भिंतीवर रवींद्रनाथ ठाकुरांचं भलंमोठं चित्र, खाली टेबलं आणि प्रत्येक टेबलाभोवती माणसं. तरुण पोरं होती, पोरी होत्या, माझ्या वयाचे म्हातारेही होते. एक म्हातारा दुसऱ्याला टेबलावर बोट आपटून काहीतरी पटवून देत होता, आणि तो दुसरा शांतपणे पेपर वाचत होता.

फेटेवाला आला. त्याला मराठी येईना, मला बंगाली येईना, मग दोघांनी मिळून हिंदीची दुर्दशा केली. त्यानं विचारलं, दुधाची की बिनदुधाची? बिनदुधाच्या काळ्या कॉफीला तिथं 'इन्फ्यूजन' म्हणतात. मी ऐटीत तीच मागवली. कडू जहर! जायफळ नाही, दूध नाही. पण मागवली होती, म्हणून प्यालो.

दोन तास बसलो. मनात सारखं वाटे, आता हा येऊन उठवेल. तो आला, रिकामा कप उचलला, आणि पाण्याचा पेला भरून ठेवून गेला. निघताना मी त्याला म्हटलं, "मालिक कहां है?" मला जरा चांगले शब्द बोलायचे होते. तो गोंधळला. मग त्यानं गल्ल्याकडे हात केला, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे केला, आणि "हम लोग ही हैं," म्हणून दुसऱ्या टेबलाकडे निघून गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

या कॉफी हाउसवर एक बंगाली गाणंही आहे. १९८३ सालचं. मन्ना डे यांनी म्हटलेलं. मन्ना डे यांनी आपल्या मराठी सिनेमातही गाणी म्हटली आहेत, तुमच्यातल्या जाणत्यांनी रेडिओवर ऐकली असतील. त्या बंगाली गाण्यात जुने मित्र आठवले आहेत. पूर्वी एका टेबलाभोवती बसायचे, आता कुणी परदेशी गेला, कुणी आजारी, कुणी या जगात नाही. मी ते त्या दुपारी ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर नातवानं मोबाइलवर लावून दिलं. शब्द अर्धेमुर्धेच कळले, पण ऐकताना मला आपल्या शाळेची जुनी खोली आठवली. ती गेल्या पावसाळ्यात पाडली ना, ती.

बरं, उशीर झाला, कंदील मालवायची वेळ झाली. पुढच्या गुरुवारी मी दूध सोसायटीच्या शेअरचा छापील अर्ज आणणार आहे. तो आपण सगळे मिळून वाचू. त्यात मागच्या बाजूला बारीक अक्षरात काही अटी आहेत, त्याही वाचू. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो विसरू नये. पाट्या नकोत. पेन आणा.